वकिलाची लेखणी आणि वाचकाची नड



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी घरांतून इतक्या पिढ्या ऐकवली गेली आहे की तिच्या पोटातला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पायरी चढायची नसेल, तर पायरीपाशी येण्यापूर्वी काय करायला हवे? इसार देताना पावतीत काय लिहून घ्यावे, मृत्युपत्रावर किती साक्षीदारांच्या सह्या लागतात, उसने दिलेले पैसे किती वर्षांच्या आत मागितले नाहीत तर दावा मुदतबाह्य होतो, हे वेळेवर कळले नाही की शहाणा मनुष्यही अखेर त्या पायरीवर येऊन उभा राहतो. हे ज्ञान वकिलापाशी असते, आणि ते त्याच्या अशिलांपलीकडच्या माणसांपर्यंत जायचे तर त्याला लेखणी हाती घ्यावी लागते.

पुष्कळ वकिली कार्यालये ती हाती घेतातही. कोणी स्थानिक वृत्तपत्रात साप्ताहिक सदर चालवतो, कोणी कार्यालयाच्या नावाने त्रैमासिक माहितीपत्रक काढतो. आरंभीचे चार-सहा लेख मोठ्या उमेदीने लिहिले जातात. सातव्या लेखाच्या वेळी एखादे मोठे काम बोर्डावर लागते, आठवा लेख कनिष्ठ वकिलाकडे सोपवला जातो, आणि नवव्याच्या जागी कलमांचा उतारा छापून वेळ मारून नेली जाते. दहावा लेख येत नाही. वेळ मिळत नाही हे याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खरे आहे, पण अपुरे आहे. लेखन थांबते त्याआधी ते कुणाच्या उपयोगी पडेनासे झालेले असते. आणि ते का, याचा विचार करणे हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या लेखनाला एक मर्यादा जन्मतःच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील ३६ व्या नियमानुसार वकिलाला काम मागता येत नाही, जाहिरात करता येत नाही, परिपत्रके वाटता येत नाहीत की दलाल नेमता येत नाहीत. ज्या खटल्यात तो उभा आहे त्याविषयी वृत्तपत्रांत मजकूर यावा अशी तजवीज करणे किंवा त्या निमित्ताने आपले छायाचित्र छापवून घेणेही निषिद्ध आहे. दारावरची पाटीसुद्धा वाजवी आकाराची असावी, असे हा नियम सांगतो. कित्येक वकिलांना हा नियम जाचक वाटतो. लेखनाच्या बाबतीत मात्र तो हितकारकच म्हणावा लागेल. आपण जिंकलेल्या दाव्यांची वर्णने, कार्यालयाच्या वर्धापनदिनाचे वृत्त, ज्येष्ठ वकिलांच्या सत्काराची हकीकत या सर्व गोष्टी नियमाने बाहेर पडल्या, की उरते ते केवळ वाचकाचे काम. आणि वाचक परत येतो तो त्यासाठीच.

विषय सुचत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. ती करणाऱ्याने आपल्याच कचेरीतील बाकावर तासभर बसून पाहावे. तेथे येणारा मनुष्य कलमाचा क्रमांक घेऊन येत नाही. तो विचारतो : भावाने माझ्या सहीवाचून खातेफोड करून घेतली, आता काय? आईने बक्षीसपत्र करून दिले, ते तिला फिरवता येईल का? कुलमुखत्यारपत्र देणारा वारला, तर त्या पत्रावर झालेले खरेदीखत टिकेल का? असे प्रश्न कारकुनाने वहीत, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, टिपून ठेवले तर वर्षभराचे लेख त्या वहीतच सापडतील. ज्या प्रश्नाचे शीर्षक वाचकाच्या तोंडचे असते तो लेख वाचला जातो. 'मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील काही विचारणीय मुद्दे' अशा शीर्षकाचा लेख लिहिणाऱ्याखेरीज मुद्रितशोधक तेवढा वाचतो.

परंतु खरी अडचण लिहिण्याची नसून लिहून झालेल्याची आहे. कथा किंवा कविता जुनी झाली म्हणून खोटी ठरत नाही. कायद्यावरचा लेख मात्र छापल्या दिवसापासून जुना होऊ लागतो, आणि एखाद्या दिवशी, काहीही आवाज न होता, खोटा ठरतो. त्याचा कागद तोच, अक्षरे तीच, लेखकाचे नावही तेच. आणि त्यावर विसंबणाऱ्याचे नुकसान व्हावे असा मजकूर त्यात आलेला असतो.

धनादेशाचे उदाहरण घ्यावे. न वटलेल्या धनादेशाबद्दल शिक्षेची तरतूद करणारे १३८ वे कलम परक्राम्य लेख अधिनियमात १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. त्या काळी धनादेश सहा महिन्यांच्या आत बँकेत भरला की चालत असे, आणि तो परत आल्याचे कळल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस द्यावी लागत असे. पुढे २००३ च्या फेब्रुवारीपासून नोटिशीची मुदत तीस दिवस झाली. धनादेशाचे आयुष्य मात्र रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१२ पासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आले. कलमात आजही सहा महिने हा शब्द आहे. पण त्याच्यापुढे 'किंवा त्याच्या वैधतेची मुदत, यांपैकी जी आधी संपेल ती' अशा आशयाचे शब्द आहेत, आणि सारा घोटाळा तेथे आहे. १९९५ सालचा एखादा उत्तम, निर्दोष, सोप्या मराठीत लिहिलेला लेख वाचून कोणा दुकानदाराने धनादेश चार महिने गल्ल्यात ठेवला, तर बँक तो घेणार नाही आणि त्या धनादेशापुरता १३८ व्या कलमाचा आधारही त्याच्या हातून जाईल. लेखकाने चूक केलेली नाही. त्याने लेखाकडे पुन्हा पाहिले नाही, एवढेच.

ग्राहक न्यायालयाची कथा याहून मौजेची आहे. १९८६ च्या कायद्यान्वये जिल्हा मंचाकडे एक लाख रुपयांपर्यंतची तक्रार नेता येई. १९९३ मध्ये ती मर्यादा पाच लाख झाली, २००३ पासून वीस लाख झाली, २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० रोजी अमलात येताच एक कोटी झाली, आणि २०२१ च्या डिसेंबरअखेर पन्नास लाखांवर खाली आली. मधल्या मध्ये मोजण्याची रीतही पालटली. पूर्वी वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज पाहत. आता मोबदला म्हणून किती रक्कम दिली तेवढेच पाहतात. कायद्याच्या या एकाच वाक्यावर पाच लेखकांनी पाच काळांत लिहिले असेल, तर पाचही जण आपापल्या जागी बरोबर आणि वाचक पाचही ठिकाणी गोंधळलेला.

मुलीच्या वाट्याचा प्रश्न मात्र मौजेचा नाही. बेळगावच्या वाचकाला तो दूरचाही नाही, कारण ज्या दाव्यातून या प्रश्नाचा एक गाजलेला निकाल निघाला तो दावा १९९२ साली बेळगावच्याच न्यायालयात दाखल झाला होता. वडील १९८८ मध्ये निवर्तले होते आणि मुलीने वाटप व स्वतंत्र ताबा मागितला होता. दावा चालू असताना कायदा बदलत राहिला. कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून मुलीला सहदायाद मानले, महाराष्ट्राने त्याच वर्षी २२ जूनपासून. पण दोन्ही ठिकाणी त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या. मग ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्राची दुरुस्ती आली आणि विवाहित-अविवाहित हा भेद गेला. तरीही १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेळगावच्या त्या दाव्यात, म्हणजे प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात, असे ठरवले की २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असतील तरच मुलीला या दुरुस्तीचा लाभ मिळेल.

त्यानंतर ज्या ज्या मराठी लेखकाने या विषयावर लिहिले त्याने अर्थातच हेच लिहिले. २०१८ च्या फेब्रुवारीत दनम्मा प्रकरणात त्याच न्यायालयाने, वडील २००१ साली वारलेले असतानाही, मुलींना वाटा दिला. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायमूर्तींचे. अडीच वर्षे वकिलांनाही खात्रीने बोलता येत नव्हते. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मुलीचा हक्क जन्मानेच येतो, आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपे मात्र त्याने अबाधित राखली. 'आमचे तोंडी वाटप केव्हाच झाले होते' हा घराघरांतून पुढे येणारा बचाव सहजासहजी ऐकला जाणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

आता २०१६ सालच्या लेखाचे कात्रण जपून ठेवलेल्या एखाद्या बहिणीचा विचार करावा. वडील २००५ पूर्वी गेलेले. कात्रणात स्पष्ट छापलेले की तिला काही मिळायचे नाही. भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन दारात उभा. ती सही करते, आणि कोणी तिला फसवले असेही म्हणता येत नाही. लेखकाचा लेख ज्या दिवशी छापला त्या दिवशी खराच होता. २०२० नंतर त्या लेखकाने, किंवा ते सदर चालवणाऱ्या कार्यालयाने, चार ओळींची पुरवणी छापली असती तर कदाचित ती थांबली असती. नवीन लेख लिहिण्यापेक्षा ही चार ओळींची पुरवणी अधिक मोलाची आहे. पण तिला मथळा नसतो, तिची वाहवा होत नाही, म्हणून ती राहून जाते.

फौजदारी कायद्यात तर १ जुलै २०२४ रोजी सारेच क्रमांक पालटले. १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. लबाड माणसाला मराठी भाषा ज्या आकड्याने ओळखते ते ४२० वे कलम ३१८ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसले. भाषा काही तो आकडा सोडणार नाही. मात्र १ जुलैपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते. म्हणजे जुना लेख फाडून टाकावा असेही नाही. तो कोणत्या तारखेपर्यंतच्या घटनांना लागू, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले असले पाहिजे. कायद्याच्या प्रत्येक लेखाच्या आरंभीच, शेवटी बारीक टाइपात नव्हे, दोन गोष्टी छापाव्यात : हा मजकूर कोणत्या दिवशी तपासला, आणि तो कोणत्या राज्याला लागू आहे.

ही दुसरी गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. त्याची भाषा एका राज्याची आणि कायदा दुसऱ्या राज्याचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण तेथल्या मराठी घरांत पुस्तके पुण्या-मुंबईचीच येत राहिली. कूळकायद्यावरचे मराठी पुस्तक उघडावे तर त्यात १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. आणि वाचकाची जमीन कर्नाटकात, जेथे १ मार्च १९७४ ही तारीख निर्णायक. पुस्तक सातबाऱ्याविषयी बोलते, तलाठ्याकडून हातात पडते पहाणीपत्रक. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येते का, याचे महाराष्ट्रातील उत्तर साधारणपणे नाही असे आहे. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीने ते बंधन उठले. गोव्यातील वाचकाची गत आणखी निराळी. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा मुक्तीनंतरही चालू राहिली, आणि मुले असताना सगळी मिळकत मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येत नाही, निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीवच राहतो. 'स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही देता येते' हे पुण्यात छापलेले वाक्य म्हापशाच्या वाचकाने जसेच्या तसे घेतले, तर मृत्युपत्र लिहूनही भांडण शिल्लक राहायचे.

म्हणून सीमाभागात, गोव्यात, बडोद्यास किंवा हैदराबादेस मराठीतून वकिली करणाऱ्याने लिहिणे हे पुण्यातील वकिलाने लिहिण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे. त्याचे काम दुसरा कोणी करणार नाही. तेथील राज्यभाषेतील पत्रके या वाचकाला पुरती उमगत नाहीत, आणि महाराष्ट्रातील मराठी पत्रके त्याला लागू नसतात.

भाषेचा प्रश्न याला लागूनच येतो. न्यायव्यवहाराच्या मराठीत दोन टोके दिसतात. एका टोकाला पेशवाईपासून चालत आलेली फिर्याद, कैफियत, दरखास्त, तहकूब ही फारसी वळणाची पण घरोघर कळणारी शब्दसंपत्ती. दुसऱ्या टोकाला कोशांत घडवलेले संस्कृत शब्द. शिवकालीन राज्यव्यवहारकोश असो की सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९३१ साली निघालेला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु असो, कोशकारांचा खटाटोप आदरणीय आहे. पण लोकांसाठी लिहिताना जो शब्द नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात उच्चारला जातो तोच वापरावा. ॲफिडेव्हिट म्हटलेले ज्याला कळते त्याला शपथपत्र सांगता येईल. केवळ शपथपत्र वाचून तो कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे हे विसरेल. शिवाय प्रत्येक लेखात पुढची पायरी असावी : कोणत्या कचेरीत, कोणते कागद घेऊन, किती दिवसांच्या आत. स्त्रियांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यान्वये मोफत वकील मिळू शकतो, ही माहिती पुष्कळ लेखांच्या शेवटी असायला हवी. ती क्वचितच असते. कदाचित लिहिणाऱ्याला ती धंद्याच्या आड येणारी वाटत असावी.

अशिलाचे गुपित हा या लेखनातील नाजूक भाग होय. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेले उघड करता येत नाही, हे पूर्वी पुरावा अधिनियमाच्या १२६ व्या कलमात होते, आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमात आहे. लेखात नाव बदलले म्हणजे कर्तव्य संपले असे समजणारे लेखक असतात. मोठ्या शहरात ते कदाचित खपेल. जेथे गल्लीचे नाव, तीन भाऊ आणि एक विहीर एवढ्यावरून सारे गाव घराणे ओळखते, तेथे नाव बदलून काय साधणार? उदाहरण दिल्यावाचून कायदा समजत नाही हे खरे. तेव्हा ते न्यायालयाच्या प्रसिद्ध निकालांतून घ्यावे, नाहीतर सरळ कल्पित आहे असे सांगून रचावे.

सातत्य कसे राखावे, हा अखेर व्यवस्थेचा प्रश्न आहे, उत्साहाचा नव्हे. एका ज्येष्ठाच्या हौसेवर चाललेले सदर त्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर थांबते. दर आठवड्याला लिहिण्याची प्रतिज्ञा करून तीन महिन्यांत थकण्यापेक्षा महिन्याला एक लेख पुरे. एकाने लिहावा, दुसऱ्याने कलमे आणि तारखा मूळ पुस्तकावरून ताडून पाहाव्यात, आणि कायद्याचा गंध नसलेल्या तिसऱ्याने, कारकुनाने किंवा घरातल्या कोणी, तो वाचून जेथे अडखळेल तेथे खूण करावी. एक महिना नव्या लेखाचा, तर दुसरा जुन्या लेखांच्या फेरतपासणीचा, असे ठरवले तरी वाचकाची तक्रार असणार नाही. कोर्टाच्या मे महिन्याच्या सुटीत वर्षभराचे सारे लेख एकदा डोळ्यांखालून घालणे अशक्य नाही. कनिष्ठ वकिलाला तर यापरते शिक्षण नाही. ज्याला एखादी तरतूद शेजारणीला समजेल अशी सांगता येते, त्याला ती न्यायाधीशापुढेही मांडता येते.

आणि येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. शंभर वर्षांच्या ग्रंथालयात कायद्याचे एक कपाट असतेच, आणि त्यातील बहुतेक पुस्तके कालबाह्य म्हणून रद्दीत काढावीत अशी सूचना अधूनमधून येत असते. ती मान्य करू नये. पतीचे निधन १९३७ ते १९५६ च्या दरम्यान झालेल्या विधवेचा हक्क काय होता, हे पाहायला १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदाच उघडावा लागतो. तो रद्द झालेला आहे, पण त्याच्या काळात मिळालेल्या हक्कातून आलेल्या मिळकतींचे वाद वारसांकडे येतच असतात. कपाट राखावे, मात्र प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, हे कोणत्या सालापर्यंतचे आहे आणि त्यानंतर काय बदलले, एवढी चिठ्ठी डकवावी. गावातील वकिलांनी वर्षातून दोन दुपारी या कामाला दिल्या तर ते उरकण्याजोगे आहे. वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी एक पेटी ठेवून सभासदांनी आपले प्रश्न, नाव न घालता, तीत टाकावेत, आणि महिन्याच्या लेखात त्यांतल्या एकाचे उत्तर यावे. लेखाखाली वकिलाचे नाव असावे की केवळ ग्रंथालयाचे, हे ३६ व्या नियमाचा विचार करून ज्याचे त्याने ठरवावे. उत्तर तपासल्याची तारीख मात्र असलीच पाहिजे.